गंज बोल्टच्या डोक्याखाली सुरू होतो

मंडळी, मघापासून सगळे रंगाबद्दलच विचारताय, वरचा पारदर्शक क्लिअर कुठला, कोट किती, पण मला रंग झाल्यानंतरच्या दिवसाबद्दल बोलायचंय, गाडी परत जोडायच्या दिवसाबद्दल. पत्र्यावर आपण आठ-दहा दिवस घालवतो, पुट्टी, प्रायमर, घासाई सगळं मन लावून, आणि फिटिंगला मात्र संध्याकाळचे दोन तास, कारण मालक बाहेर येऊन उभा राहिलेला असतोय. गंज त्या दोन तासांत शिरतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतर गावभागातली एक पुरात बुडालेली गाडी माझ्याकडं आली होती. पूर्ण खोलून रंगवली. पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी परत दारात, पत्रा आरशासारखा पण बॉनेट उघडलं तर फेंडरच्या प्रत्येक बोल्टच्या कडेनं तांबूस ओघळ. एक बोल्ट काढून बघितला, खाली डोक्याएवढं गोल रिंगण, रंग प्रायमरसकट पिळवटून निघालेला आणि मधे उघडं लोखंड. ते बोल्ट मीच आवळले होते, बोल्ट पिळायच्या गननं, खाली वायसर म्हणजे चकती न टाकता.

होतं काय, बोल्टचं डोकं फिरत फिरत खाली बसतं, शेवटच्या पाव फेऱ्यात सगळा जोर रंगावर येतो आणि रंग फाटतो, पण वरून कळत नाही कारण त्यावर डोकंच बसलेलं असतं. मग त्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं, बाकी गाडी तासाभरात वाळते, इथं वारंच लागत नाही त्यामुळं ओल दिवसच्या दिवस टिकते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून शेजारचा चांगला रंगही खालून उचलला जातो, पोपडा धरतो.

म्हणून पहिलं, रंग कडक होऊ द्या. रंगाच्या बंद खोलीत, बूथमध्ये, 60 डिग्रीला अर्धा तास भाजला तरी तो हाताळण्याएवढाच झालेला असतो, आतून पक्का व्हायला दिवस लागतात, आणि आपल्याकडं जुलैत बाहेर वाळवलेल्या रंगाचं तर विचारूच नका. नखानं आतल्या बाजूला दाबून बघा, खूण उमटली तर पाना खाली ठेवा.

दुसरं, बोल्टखाली सपाट वायसर पाहिजेच, म्हणजे डोकं वायसरवर फिरतं, रंगावर नाही. शेवटचा पीळ हातानं द्या, गननं नको. रंग मारताना आट्यांत जुना बोल्ट घालून ठेवा, नाहीतर आट्यांत रंग बसतो, बोल्ट अडतो आणि आपण जोर लावतो. भोकाच्या कडेला रंग कायम पातळ असतो, तिथं बारीक ब्रशनं इपॉक्सी प्रायमर फिरवा, वाळू द्या, मग वायसरखाली आणि आट्यांना थोडं मेण किंवा ग्रीस. पण सीटबेल्ट, सस्पेन्शन, चाकाचे बोल्ट यांना मनानं ग्रीस लावू नका, तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला, म्हणजे पिळाच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो, तिथं कंपनी सांगेल तसंच. आणि जिथं रंगावरच बोल्ट बसलाय तिथं थोडे दिवस गाडी फिरली की पाना लावून बघा, खालचा रंग दबतो आणि बोल्ट सैल होतो.

जुने बोल्ट चकचकीत करायला वायर ब्रशच्या चाकावर धरतात, हे मला बघवत नाही. ती पिवळसर झाक म्हणजे जस्ताचा थर आहे, बोल्टचं कवच आहे ते, घासलं की बोल्ट चार पावसांत लाल. नवा जस्ताचा बोल्ट घ्या, फार महाग नसतो. काही जण हौसेनं स्टेनलेसचे घालतात, पण रंग फाटला आणि ओल आली की स्टेनलेस स्वतः शाबूत राहतं आणि शेजारचा साधा पत्रा खातं.

तासगावकडची द्राक्षवाल्यांची गाडी आली की मी आधी डिकीची चटई उचलतो. बागेत फवारायच्या मोरचुदाचं पोतं गळलेलं असतं, आणि मोरचुदाचं पाणी उघड्या लोखंडाला लागलं की तिथं तांबं चढतं, लोखंड विरघळतं, लाल डाग दिसतो तो नुसता गंज नसतो. अशा डिकीत सीटच्या बोल्टांची बुडं खालूनही मेणानं झाकावी लागतात.

अर्थिंगची, म्हणजे बॅटरीची वायर बॉडीला जोडतात ती जागा मात्र उलटी, तिथं रंग खरवडून उघडा पत्राच पाहिजे, वायर आवळा आणि मग वरून ग्रीसनं झाका, आधी नाही.

शेवटचं नंबर प्लेटचं. नव्या डिकीला भोक मारताना लोखंडाचा कीस आत पडतो, तो आतच गंजतो आणि महिन्याभरात खालच्या पाण्याच्या भोकातून तपकिरी थेंब गळतात, लोकांना वाटतं पत्रा सडला. भोकामागं ओलं फडकं धरा, कीस लोहचुंबकानं काढा, मग कडेला प्रायमर. आणि तो वाळेपर्यंत प्लेट बाजूलाच ठेवा, मालकाला सांगा, उद्या सकाळी या.