आधी कीर्द, मग खतावणी

(दृश्य : सांगली, पावसाळी सकाळ. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळीची पट्टी.)

हा १९२९ सालचा आयर्विन पूल. कृष्णा इथं ४० फुटांवर आली की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली. गावभर माणसं तळमजल्यावरचं सामान माळ्यावर चढवत होती. माझे बाबा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ते जुन्या कारखान्यात फोन लावून विचारत होते, "बॅकअप कुठं ठेवलाय? आणि तो शेवटचा रीस्टोअर करून कधी बघितला होता?"

पहिला प्रश्न कुणीही विचारेल. दुसरा मात्र पोळलेला माणूसच विचारतो.

(दृश्य : विश्रामबाग, घराचा व्हरांडा. दोन ज्येष्ठ गृहस्थ, चहाचे कप.)

बाबा एका साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्या विभागात होते. शेजारी बसलेले काका सहकारी बँकेत. दोघेही डेटाबेस सांभाळायचे, पण तेव्हा त्यांना सगळे नुसते 'कॉम्प्युटरवाले' म्हणत. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असायचा, तो यंत्रासाठी. चपला दाराबाहेर. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा मला ती खोली देवघरासारखी वाटायची. आवाज मात्र प्रिंटरचा, पट्ट्यापट्ट्यांच्या लांबलचक कागदावर १३२ कॉलमची ऊसबिलं कर्रकर्र छापणारा.

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलं की माहिती ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यांत ठेवावी, आणि ती डिस्कवर नेमकी कुठं पडली आहे याची काळजी वापरणाऱ्याला नसावी. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. पण आमच्या भागातल्या कितीतरी कचेऱ्यांत तक्ता पहिल्यांदा पोचला तो डीबेस नावाच्या डेटाबेस प्रोग्राममधून. डीबेसचा जन्म कसा झाला, ते मला फार आवडतं. वेन रॅटलिफ नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरनं ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेचे आकडे मांडण्यासाठी तो लिहायला घेतला. त्याच डीबेसवर इकडे उसाच्या गाड्यांचा हिशेब होऊ लागला.

(दृश्य : काळा पडदा, त्यावर एकच टिंब. शेजारी लुकलुकणारा कर्सर.)

सुरू केल्यावर एवढंच दिसायचं. एक टिंब. पुढं काय लिहायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे. बाबा सांगतात, त्या टिंबासमोर हात जपून चालवावे लागत. 'डिलीट' म्हटलं तर ओळ जात नसे, तिच्यापुढं फक्त एक तारका लागायची. 'रीकॉल' म्हटलं की ओळ परत. पण 'पॅक' म्हटलं, की तारका लागलेल्या सगळ्या ओळी कायमच्या गेल्या.

आता त्या तीन रात्रींबद्दल.

ऐन गळीत हंगाम. पंधरवड्याचं बिल तोंडावर आलेलं आणि हार्ड डिस्क गेली. बॅकअप होता, रोज संध्याकाळी न चुकता घेतलेला, सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर, प्रत्येकीत ३६० केबी. एकेक घालत गेले. पाचवी घातली आणि पडद्यावर आलं : 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' रिट्राय. पुन्हा तेच. फ्लॉपी काढली, पुसली, फुंकली, दुसऱ्या मशीनमध्ये घातली. तेच.

मग काट्याच्या पावत्यांचे गठ्ठे सोडले. भरलेलं वजन, रिकामं वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव. बाबा मोठ्यानं वाचायचे आणि त्यांचे एक मित्र पंच करायचे. पहाटे जागा बदलायची. नावं ओळखीची होती. कुणाच्या घरी लग्न काढलंय, कुणाचं सोसायटीचं कर्ज या बिलातून वळतं व्हायचंय, हे दोघांना ठाऊक होतं. म्हणून दमले तरी आकडा दोनदा वाचायचे. बिलं वेळेवर गेली. बाहेर कुणाला काही कळलंही नाही. त्यानंतर बाबांनी दर शनिवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायचा नेम केला, तो निवृत्तीपर्यंत.

(दृश्य : बँकेतले काका. हातात लाल कापडी बांधणीची जुनी वही.)

काकांकडं नंतर ओरॅकल हा मोठा डेटाबेस आला. पुण्याला प्रशिक्षणाला गेले. तिथं शिकवलं, की कुठलाही बदल आधी रीडू लॉग नावाच्या नोंदींच्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि मूळ फाइलमध्ये सवडीनं. मध्येच वीज गेली, तर सुरू होताना ओरॅकल लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करतं. वर्गातल्यांना हे पचायला वेळ लागला. काकांना नाही. बँकेत लागले तेव्हा हेडक्लार्कनी त्यांना पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं : आधी कीर्द, मग खतावणी. व्यवहार झाला की लगेच रोजकीर्दीत. खात्यावर नंतर चढवता येतो. खतावणी फाटली तरी कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. काका अजूनही नव्या पोरांना लॉग समजावताना ही वहीच उघडतात, आणि माझ्या मते याहून चांगलं कुणी समजावलेलं नाही.

(दृश्य : लॅपटॉप. बाबांचा चष्मा, पडद्यावर आकड्यांच्या रांगा.)

कारखान्याचा डेटा कारखान्यातच राहिला. बाबांकडं उरली ती एकच फाइल, मित्रांच्या भिशीची. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी त्यांनी ती आणली आहे. डीबेसच्या फाइलमध्ये अगदी सुरुवातीला, शेवटचा बदल झाला ती तारीख असते. ती दहाच्या नव्हे, सोळाच्या पटीतल्या आकड्यांत दिसते. बाबांनी बोट ठेवलं : ५बी, ०२, १२. "सोळा पंचे ऐंशी, अन् बी म्हणजे अकरा. एक्क्याण्णव साल. आणि हे बारा नाही गं, अठरा." १८ फेब्रुवारी १९९१.

खाली नावं आहेत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. एका नावापुढं तारका. हे तीन रात्री पावत्या पंच करणारे मित्र. बदली झाली म्हणून भिशीतून निघाले होते. ते आता नाहीत.

नाव डिलीट केलेलं, पण पॅक कुणीच केलं नव्हतं. बाबांनी ती ओळ वाचली, त्यांचा हप्ता किती होता ते काकांना सांगितलं, फाइल बंद केली. मग खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढून तिची आणखी एक कॉपी घेतली, आणि ती उघडते का ते बघितलं.