टॉवेल परत यावा

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी यंत्रमाग सुरू झाले, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले, दोन बीम (रूळ) असतात. एका बीमचे धागे घट्ट ताणलेले असतात आणि त्यांतून टॉवेलचे मूळ कापड विणले जाते. दुसऱ्याचे धागे मुद्दाम सैल सोडलेले असतात, आणि फणीच्या ठोक्यासरशी त्यांचे बारीक फेरे कापडावर उभे राहतात. ओल्या अंगावरचे पाणी शोषून घेतात ते हेच फेरे.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण विणकाम थांबले नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही आज भौगोलिक निर्देशन (जीआय), म्हणजे त्या त्या गावच्या मालाची कायदेशीर ओळख, आहे, आणि इथला टॉवेल देशविदेशातल्या हॉटेलांच्या न्हाणीघरांत टांगलेला असतो. मात्र तिथून तो पुढे कुठे जातो, हा प्रश्न विणणाऱ्या शहराने फारसा विचारलेला नाही.

हॉटेलातला टॉवेल फाटेपर्यंत वापरला जात नाही. केसांच्या रंगाचा एक डाग, उसवलेली एक कड, किंवा धुऊन धुऊन आलेला करडेपणा एवढ्यावर तो खोलीतून बाद होतो. त्यातला कापूस तेव्हाही बराच शाबूत असतो. जागतिक सरासरी धरली, तर १ किलो सुती कापडामागे, शेतापासून रंगाईपर्यंत, सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते. ज्या शहराची तहान भीमेवरच्या उजनी धरणाकडे डोळे लावून असते आणि जिथे घरातल्या नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वस्तू बनवायची, वापरायची आणि टाकून द्यायची, या सरळ रेषेऐवजी तिच्यातला माल पुन्हा पुन्हा वापरात फिरता ठेवण्याच्या व्यवस्थेला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात. तिची सुरुवात पुनर्वापराच्या कारखान्यात होत नाही, तर खरेदीच्या टेबलावर होते. जाड टॉवेल हाताला भारदस्त लागतो, पण तो धुवायला पाणी जास्त लागते आणि वाळायला वेळही जास्त लागतो; अतिपातळ टॉवेल लवकर विरतो. धुलाईत क्लोरीनचा मारा केला, तर पांढरेपणा येतो खरा, पण सुताचे तंतू कमजोर होतात. कापड मऊ करणाऱ्या द्रावणाचा थर चढला, तर टॉवेल पाणी शोषेनासा होतो. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात लॉजच्या गच्चीवर दोऱ्या बांधण्याऐवजी विजेवर टॉवेल वाळवणे मला तरी पटत नाही.

इथल्या लॉजना आणि भक्तनिवासांना पाहुण्यांची वाण नाही. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तुळजापूर ४५, आणि पंढरपूर ७० किलोमीटरहून थोडे अधिक. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पाहुण्यांच्या जेवणाचा प्रश्नही याच हिशेबातला आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी हॉटेलांवर ओला-सुका कचरा वेगळा करण्याची आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली. खरकट्यातून गोबरगॅससारखाच वायू मिळतो आणि उरलेली स्लरी शेताला चालते. परंतु अन्न वाया जाऊच नये, हा धडा या मातीत जुना आहे: पातळ थापलेली ज्वारीची भाकरी खडखडीत वाळवली, की ती कडक भाकरी होते, कित्येक दिवस टिकते, आणि आमटीत कुस्करून शेंगाचटणीसोबत पोटभर जेवण होते.

हीच दृष्टी टॉवेललाही लागू करता येईल. बाद टॉवेलचे मधले चांगले कापड कापून कडा शिवल्या, की हातपुसणी होतात. ती विरली, की पोचा किंवा वाकळीतला थर. त्यापुढची पायरी यंत्राची आहे. हरियाणातल्या पानिपतमध्ये जुनी कापडे पिंजून पुन्हा सूत काढण्याचा मोठा धंदा आहे. पिंजताना तंतू आखूड होतात, म्हणून त्यांत नवा तंतू मिसळावा लागतो. पॉलिस्टरची मिसळ असली, की हे काम अवघड होते. निव्वळ सुती टॉवेल त्या मानाने सोपा, मात्र त्याची लेबले आणि कृत्रिम धाग्याची शिलाई आधी काढावी लागते. सोलापुरात विणकर आहेत, शिवणाऱ्या बाया आहेत, भंगार-चिंध्यांचा व्यापारही आहे. नवा माल पोचवणारी गाडी परतताना रिकामी येते; तीत हॉटेलचे जुने टॉवेल वजनावर परत घ्यावेत आणि नव्या बिलातून तेवढी रक्कम वळती करावी, एवढा एक करार कारखानदार आणि हॉटेलमालक यांच्यात झाला, तर सुरुवात होते.

स्टेशनजवळच्या एका लॉजचा जिना डोळ्यांसमोर आणा. पहाटेच्या गाडीने आलेले यात्रेकरू वर गेले आहेत, आणि मावशी त्यांच्या पावलांची माती पुसत आहेत. त्यांच्या हातातल्या पोच्याच्या काठावर विणलेल्या लॉजच्या नावातली शेवटची दोन अक्षरे अजून वाचता येतात.