बघायचंय खाली, पंख आडवा

इंग्लिश खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडली ती लुई ब्लेरिओनं, २५ जुलै १९०९ रोजी. विमान त्याचं स्वतःचंच, ‘ब्लेरिओ-११’. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, २५ अश्वशक्तीचं इंजिन. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. फ्रेंच लष्कराला मात्र त्यात दिसला हेरगिरीचा डोळा. शत्रूचं सैन्य कुठे आहे, कुठे निघालंय, ते वरून बघून यायचं.

हे काम युद्धात आधी केलं ते इटलीनं. २३ ऑक्टोबर १९११ला कॅप्टन कार्लो पियाझा ब्लेरिओ विमान घेऊन लिबियात तुर्की छावण्यांवरून फिरून आला.

आता जरा या विमानातल्या बैठकीकडे बघा. पंख वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना, बसल्या जागेच्या उंचीवर. मान वाकवली की दिसतं ते ताणलेलं कापड; जमीन त्याच्याखाली झाकलेली! नंतरच्या ब्लेरिओंवर ‘नोम’ बनावटीचं इंजिन आलं; ते नाकावरच्या पंख्यासकट अख्खंच गरगर फिरायचं आणि त्यातलं एरंडेल तेल उडून तोंडावर यायचं.

त्यात पंखही दगा देत. १९१२मध्ये खुद्द ब्लेरिओनंच लष्कराला कळवलं, की सूर मारताना पंखांवर वरून खाली दाब येऊ शकतो आणि पंखांना वरून ताणून धरणाऱ्या तारा त्याला पुरत नाहीत. स्वतःच्या मालाचं वैगुण्य गिऱ्हाइकाला सांगणारा कारखानदार विरळाच. लष्करानं काही काळ एकपंखी, म्हणजे पंखांचा एकच थर असलेली, विमानं जमिनीवरच ठेवली. तारा बळकट झाल्या, पण नजरेआड येणारा पंख तिथेच राहिला.

तोडगा निघाला १९१३मध्ये. मोरान-सोल्निए कंपनीनं पंख उचलून थेट डोक्यावर नेला, खांबांवर तोलला. नाव पडलं ‘पॅरासोल’, म्हणजे छत्री. निरीक्षकाला खालची जमीन मोकळी झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सनं ही विमानं शेकड्यांनी वापरली.

फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसनं तर त्यावर मशीनगन चढवली. गोळ्या पंख्यातूनच जायच्या. पात्याला लागेल ती गोळी बाजूला उडावी म्हणून त्यानं पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या. १ एप्रिल १९१५ला त्यानं एक जर्मन विमान पाडलं. १८ एप्रिलला मात्र त्यालाच जर्मन हद्दीत उतरावं लागलं आणि विमान शत्रूच्या हाती गेलं. त्याच उन्हाळ्यात जर्मनांचं फोकर हे एकपंखी विमान आघाडीवर आलं. त्याची बंदूक इंजिनाशी जुळवलेली होती; पातं समोर नसतानाच गोळी सुटायची, पाचरींची गरजच नव्हती. आता टेहळणी करणाऱ्यांचीच शिकार सुरू झाली.