आघाड्याची छडी

नमस्कार श्रोतेहो.

गवतातून चालून आलं की कपड्यांना बारीक, टोकदार काहीतरी चिकटलेलं असतं. आपण ते वैतागून उपटतो आणि फेकून देतो. पुढच्या वेळी त्यातलं एक तळहातावर घ्या. ते आघाड्याचं असेल, तर एक अख्खं फूल तुमच्या हातात आलंय, पोटात बी घेऊन.

आघाडा राजगिऱ्याच्या कुळातला. माठ, कुरडू, कोंबडा हे त्याचे भाऊबंद. पालक आणि बीटही आता याच कुळात धरतात. कंगोरेदार खोड, फुगीर पेरं, समोरासमोर पानं. ओळख पटायला एवढं पुरे. मला बोलायचंय ते त्याच्या तुऱ्याबद्दल.

हा तुरा छडीसारखा सरळ, कधी हातभरही लांब. फुलं खालून वर उमलत जातात. शेंड्याच्या कळ्या दाटीनं वर तोंड करून बसलेल्या, उमललेली फुलं आडवी, आणि त्याखालची, बहर सरलेली, दांड्याला घट्ट चिकटून जमिनीकडे वळलेली. लहानपण ते म्हातारपण, सगळं एकाच छडीवर!

फूल जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं, हिरवट. त्यात पाकळ्या वेगळ्या नसतात. पाच ताठ, टोकदार दलं असतात. भिंग असेल तर जरूर लावा. पाच पुंकेसर तळाशी जोडून इवलासा पेला झालेला दिसेल, आणि दोन पुंकेसरांच्या मध्ये झालरीसारखी कातरलेली नाजूक पट्टी. इतक्या साध्या रोपात इतकी कारागिरी मला तरी दर वेळी थक्क करते.

फुलाला बिलगून दोन छदकं, म्हणजे इवली पानासारखी आवरणं असतात आणि प्रत्येकाला काटा. फूल खाली वळतं, तसे काटेही वळतात. म्हणून छडीवरून बोट वरून खाली फिरवलं तर सहज सरकतं. खालून वर नेलं की टोचतं. जाणाऱ्या-येणाऱ्या जनावराच्या केसांत फूल असंच अडकतं आणि बी दूर पोचतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली आघाड्याला ‘अकिरँथिस ॲस्पेरा’ म्हटलं. ग्रीकमध्ये अकिरँथिस म्हणजे भुसासारखं फूल, तर लॅटिन ॲस्पेरा म्हणजे खरखरीत.

फूल सुटतं ते छदकांसकट. दांड्यावर उरतो एक पातळ छद, म्हणजे फुलाच्या बुडचं इवलंसं पान, तोही खालीच वळलेला. वाळलेली छडी दिसली तर हे छद मोजा. किती फुलं प्रवासाला निघून गेली ते कळेल.