पात्याचं पाणी

हा चाकू आधी एकेकाने हातात घ्या आणि मागे पाठवा. देताना मूठ समोरच्याकडे. धार मुद्दामच लावलेली नाही, तरी सवय असावी. जड लागला ना? जवळपास अर्धा किलो आहे. पातं सव्वापाच इंच, जाडी पाव इंच. भाच्याने अमेरिकेहून आणला. के-बार कंपनीचा बेकर बीके-2. तो बेतणारा ईथन बेकर तिकडच्या एका गाजलेल्या पाककृतींच्या पुस्तकाच्या घराण्यातला, पण याने कांदा चिरायला जाल तर कांदा फुटेल. सरपण फोडायचं हत्यार आहे हे.

पोलाद 1095 जातीचं, म्हणजे कार्बन साधारण 0.95 टक्के. स्टेनलेस नव्हे, म्हणून वरून काळं, खरखरीत कोटिंग देतात. दोन-चार वर्षं वापरलं की ते पोपडे धरतं आणि लाकूड फोडताना अडतं. मुठीच्या पट्ट्या प्लास्टिकच्या, घामट हातात सरकणाऱ्या. दोन्ही बदलायचं ठरवलं.

टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस मी, तरी पूर्वी एका चाकूचं कोटिंग काढायला सरळ ग्राइंडर लावला होता. टोकाशी पोलाद पातळ, क्षणात तापलं. आधी गवती पिवळा रंग आला, मग जांभळा, मग निळा. पिवळा येतो साधारण 200 अंशांना, निळा 300 च्या आसपास. लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, निळ्यापाशी उतरलेलं असतं. त्या टोकाची धार पुढे कधी टिकलीच नाही.

म्हणून या वेळी मशीन नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापला, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि गॅलरीत ठेवून दिलं. हातमोजे घालून, उघड्या हवेतच करायचं. त्याची वाफ वाईट. कोटिंग सालीसारखं सुटलं. मग पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून 120, 220, 400 असा चढत गेलो. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. मुठीखालचं कोटिंग मात्र काढू नका. तिथे कोण बघणार आहे, आणि पावसाळ्यात गंज पहिला तिथेच धरतो.

उघडं पोलाद आपल्या हवेत असंच ठेवता येत नाही. विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, हे घरोघरी माहीत आहे. तसाच थर इथे मुद्दाम आणायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत सर्किट बोर्डवाल्यांसाठी फेरिक क्लोराइड मिळतं. प्लास्टिकच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडंथोडं टाका, कारण ते मिसळताना तापतं. पातं आधी अॅसिटोनने पुसा, बोटाचा ठसा राहिला तर तोही उमटतो. काही मिनिटांत करडा रंग येतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा, कोरडं करा, तेल लावा.

आता मूठ. मी शिसम घेतला. पहिली जोडी जूनमध्ये केली होती, लाकूड ओलसर होतं. दिवाळीपर्यंत ते आकसलं आणि पोलादाची कड लाकडाच्या वर येऊन तळहाताला टोचायला लागली. लाकूड दोन-तीन वर्षं मुरलेलंच हवं.

भोकं पाडताना मुठीतलं, आधीच भोकं असलेलं पोलाद हाच साचा. पट्टी क्लॅम्पने आवळा, पहिलं भोक पाडा, त्यात एक पिन घालून ठेवा आणि मगच दुसरं पाडा, नाहीतर पट्टी केसभर सरकते. त्या केसाने पुढे बोल्ट बसत नाही. पट्ट्यांची पात्याकडची टोकं मात्र जोडण्याआधीच, दोन्ही एकत्र बांधून, पूर्ण घासून घ्या. नंतर तिथे कानस फिरवायला गेलात तर पात्यावर ओरखडा ठरलेला. शिसमाची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

चिकटवायचं की नुसते बोल्ट? या चाकूचे बोल्ट अॅलन कीने उघडतात, म्हणून मी चिकटवलं नाही. दर पावसाळ्यानंतर खोलून आत तेल देतो. रिव्हेटची मूठ असेल तर एपॉक्सीच हवं. शिसम तेलकट, तेव्हा आधी अॅसिटोनने पुसायचा आणि क्लॅम्प बेतानेच आवळायचा. फार आवळला तर सगळं एपॉक्सी बाहेर येतं आणि आत धरायला काही उरत नाही.

शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, तीन-चार दिवस. त्या तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चाकू कुठवर पोचला? मागच्या रांगेतून परत येऊ द्या, निसणा भिजवून ठेवलाय. धार इथेच लावू.