इन्सुलिनच्या सुया पेपरात गुंडाळून टाकता? आधी हे ऐका

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी एकच प्रश्न विचारलाय की आज मुख्यतः त्यावरच बोलते. "ताई, घरातल्या इंजेक्शनच्या सुया कुठे टाकायच्या?"

बाकीचं पटकन सांगते. ओला आणि सुका कचरा तुम्ही वेगळा करताच. तिसरा डबा घातक कचऱ्याचा. त्यात ट्यूबलाइट, सीएफएल, सेल, रंगाचे डबे, झुरळांच्या औषधाच्या बाटल्या, मुदत संपलेल्या गोळ्या. सीएफएल फुटला तर झाडू फिरवू नका, त्यात पारा असतो. खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद करा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग जाड कागदाने तुकडे उचला आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. मोबाइलची जुनी बॅटरी असेल तर टोकांना चिकटपट्टी लावा. झालं. आता सुया.

कमेंटमध्ये निम्म्या लोकांनी लिहिलंय, "आम्ही पेपरात नीट गुंडाळून टाकतो." आम्हीही तेच करायचो.

आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो. बाबांना रोज इन्सुलिन लागतं. ही बघा इन्सुलिनच्या पेनची सुई, जेमतेम चार मिलिमीटर. एका सकाळी सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या मावशी एकदम हात झटकून उभ्या राहिल्या. हातात कापडी हातमोजा होता, त्याच्यातून सुई गेली. अंगठ्याखाली मोहरीएवढा रक्ताचा ठिपका. पुडी आमचीच होती, कारण त्या पेपरावर बाबांनी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं.

मी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "सुई कोणाची?" आम्हाला माहीत होतं म्हणून बाबांचं रक्त तपासता आलं, सगळं ठीक निघालं. एरवी त्या ढिगात कोणाची सुई ते कोण सांगणार? हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो. एचआयव्हीची शंका असेल तर औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. म्हणून सुई टोचली तर जखम पिळू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मावशींना मात्र त्या दिवसाचा खाडा पडला असता, तो आम्ही भरून दिला.

तर पेपर नको. उघडी सुई निदान दिसते तरी. पुडीत ती दिसत नाही, आणि पुडी म्हटली की वेगळं करणारी व्यक्ती आत काय आहे ते हाताने चाचपून बघणारच. तुम्ही काळजी म्हणून गुंडाळता, पण तुमच्या त्या काळजीनेच सुई लपते.

"मग बिसलेरीच्या बाटलीत टाकते," असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, तीही नको. एक तर ती पातळ असते, दाबली की सुई आरपार. दुसरं म्हणजे त्या बाटलीला भंगारात पैसे मिळतात. कोणीतरी ती उचलणार, झाकण उघडणार, आतलं हातावर ओतणार. म्हणजे पेपराचाच प्रकार, फक्त एक हात पुढे. काचेची बाटली तर फुटतेच.

ही बघा आमची. फरशी पुसायच्या लिक्विडची, जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची. दाबून दाखवते, बघा, दबत नाही. इंजेक्शन झालं की सुई थेट हिच्यात. वाकवायची नाही, गॅसवर तापवायची नाही. रक्तातली साखर तपासायची टोचणीसुद्धा हिच्यातच. पाऊण भरली की झाकण घट्ट लावायचं, वरून चिकटपट्टी, आणि लाल मार्करने मराठीत आणि हिंदीत लिहायचं: "सुया आहेत, उघडू नका." बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. मग पुन्हा सांगते, पेपर नको.

आता द्यायची कुठे? घंटागाडीला घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असेल तर तिथे, पण गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा. नाहीतर जिथे तुमचं रक्त तपासतात तिथे विचारा. दवाखान्यांना आणि लॅबना सुयांसाठी पांढरा, सुई आरपार जाणार नाही असा डबा ठेवावाच लागतो. घरच्या सुया घ्यायची त्यांच्यावर सक्ती नाही, काही जण घेतात.

आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन विचाराच. 2016 च्या घनकचरा नियमांत दर 20 चौरस किलोमीटरला घरगुती घातक कचऱ्याचं एक संकलन केंद्र उभारायला सांगितलं होतं. आपल्या विभागाचं कुठे आहे, हे लेखी मागा. मी अर्ज केलाय, ऐरोलीचं उत्तर आलं की खाली पिन करते. कोपरखैरणे, घणसोली, नेरुळवाल्यांनो, तुमच्याकडे कोण बाटली घेतं ते लिहा.