ढालकिड्याचं पोर

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं वावर. पऱ्हाटीच्या पानांवर दव.)

सकाळपासून वावरात काढलेले दोनशे फोटो. रात्री जेवणं झाली की ओसरीत बसून निवडायचे. चारचौघांना दाखवण्यासारखे चार निघाले तरी पुष्कळ.

कोळ्याचे डोळे धूसर असले की तो फोटो गेला. फ्रीजमध्ये गारठवून फुलावर ठेवलेलं फुलपाखरू तर मी बघतही नाही, कितीही रेखीव असो. त्या जिवाचे हाल झालेले असतात.

(दृश्य: ओली काळी माती, लाल ठिपका सरकतो.)

हा मृगाचा किडा. तळहातावरचा फोटो देखणा आलाय, पण त्यानं पाय आखडून घेतलेत. मातीवर चालतानाचा ठेवला. त्यात आठही पाय मोजता येतात, म्हणजे हा कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला. नाव तेवढं किड्याचं.

(दृश्य: कपाशीचं पान उलटं करणारा हात.)

खरी अडचण या दोन फोटोंची. एकात लालभडक ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, अगदी कॅलेंडरवर शोभेल असा. दुसऱ्यात त्याचीच अळी: करडी-काळी, खरबरीत, मगरीसारखी लांबट. वाऱ्यानं पान हललं, कडा अस्पष्ट आल्या. पण जबड्यात धरलेला मावा, पिकाचा रस शोषणारा बारीक किडा, स्वच्छ दिसतो.

हा फोटो काढताना शेजारचे काका धुऱ्यावरून म्हणाले, "हे कोनती अळी आली बाप्पा? फवारनी करा लागते काय?"

मी म्हटलं, "नाही काका, हे ढालकिड्याचं पोर आहे. मावा खाते."

त्यांना पटेना. पटणार कसं? मोठा ढालकिडा सगळ्यांच्या ओळखीचा, पोराचा चेहरा कुणी दाखवलेलाच नाही. वाढ होईतो ही अळी शेकडो मावा फस्त करते आणि शत्रू समजून तीच मारली जाते. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. एक फवारा टळला तरी मला तो फार मोठा वाटतो.

म्हणून अळीचा फोटो आधी, ढालकिड्याचा तिच्या शेजारी. खाली पीक, महिना, तालुका आणि ती काय खातेय, एवढं लिहिलं.

(दृश्य: पुन्हा पहाट. टॉर्चचा उजेड पानाखाली.)

आता अंडी हवीत. पिवळी, उभी, एकमेकांना खेटून चिकटवलेली. काकाही आलेत, पानं उलटून बघताहेत.